रकान्याभोवतीची रेघ : वेब-अर्ज, फोकस आणि सीएसएस

वेबपानावरचा अर्ज भरताना की-बोर्डची दाबलेली कळ कुठे लागू होणार, हे ज्या स्थितीवर ठरते तिला फोकस म्हणतात. पानावर दोन रकाने असोत की चाळीस, फोकस एका वेळी एकाच घटकावर असतो. टॅब कळ दाबली की तो पुढच्या घटकावर जातो, शिफ्ट धरून टॅब दाबली की मागे येतो. मजकुराच्या रकान्यावर फोकस असेल तर अक्षरे उमटतात, चेकबॉक्सवर असेल तर स्पेसबारने टिक लागते किंवा निघते, बटणावर असेल तर एंटरने ते दाबले जाते. फोकस कुठे आहे हे ब्राउझरला नेहमीच माहीत असते. अर्ज भरणाऱ्याच्या डोळ्यांना ते दाखवणे हे सीएसएसचे काम आहे. पानाचे रंग, आकार आणि मांडणी ठरवणाऱ्या या भाषेत फोकससाठी तीन खास सिलेक्टर, म्हणजे शैली कोणत्या घटकाला लागू होणार हे ठरवणाऱ्या खुणा, आहेत. त्यांच्या जोडीला वापरण्याजोगे आणखी काही आहेत.

हे दाखवणे का गरजेचे आहे, ते एका उदाहरणातून पाहू. महाराष्ट्रात लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली आला आणि उत्पन्नाचा दाखला, रहिवास दाखला अशा सेवांचे अर्ज ‘आपले सरकार’ पोर्टलवरून भरले जाऊ लागले. क्षेत्रफळाने राज्यात सर्वांत मोठ्या असलेल्या अहिल्यानगर जिल्ह्यात १४ तालुके आहेत. अकोले तालुक्यापासून जामखेडपर्यंत पसरलेल्या या मुलखात अनेक जण असे अर्ज सेवा केंद्रात जाऊन भरून घेतात. केंद्रचालकाची नजर समोरच्या रेशनकार्डावर आणि आधारकार्डावर असते, बोटे की-बोर्डवर असतात आणि पडद्याकडे तो मधूनमधून पाहतो. प्रत्येक रकान्यासाठी माउसकडे हात नेला तर रांग वाढते, म्हणून काम टॅबवर चालते. नजर कागदावरून पडद्यावर आली की आपण कोणत्या रकान्यात आहोत हे त्याला तत्काळ दिसले पाहिजे. हात थरथरत असल्याने माउस न वापरता येणारे, दृष्टी अधू असलेले आणि मनगट दुखत असल्याने की-बोर्डवरच भागवणारे, या सर्वांची गरजही हीच आहे.

न दिसणाऱ्या फोकसची किंमत

फोकस दिसला नाही तर गैरसोय होतेच, शिवाय चुकीची माहिती नोंदली जाऊ शकते. तालुक्यांची ड्रॉपडाउन यादी हे त्याचे चांगले उदाहरण आहे. अहिल्यानगरचे तालुके अकारविल्हे लावले की श्रीगोंद्याच्या लगेच खाली श्रीरामपूर येते. नकाशावर मात्र श्रीगोंदा जिल्ह्याच्या दक्षिणेला आणि श्रीरामपूर उत्तरेला आहे. समजा, यादीतून श्रीगोंदा निवडले आणि पान खाली सरकवण्यासाठी खालच्या बाणाची कळ दाबली. फोकस अजून त्या यादीवरच आहे. विंडोजवरील ब्राउझरमध्ये बंद यादीवर फोकस असताना ही कळ पान सरकवत नाही, यादीतला पर्याय बदलते. श्रीगोंद्याचे श्रीरामपूर होते आणि कसलाही इशारा मिळत नाही.

सातबारा पाहताना जिल्हा, तालुका, गाव आणि मग गट क्रमांक असा क्रम असतो. अशा साखळीत वरची एक निवड बदलली की खालची सगळी यादी बदलते आणि आपले गाव सापडेनासे होते. यादीभोवती ठळक रेघ असती तर बाण कशावर चालणार आहे ते कळ दाबण्यापूर्वीच कळले असते. म्हणून फोकसची खूण ही सजावट नसून अर्जातील माहितीचाच भाग आहे. रकान्याचे नाव जितके आवश्यक, तितकीच हीही आवश्यक आहे.

सिलेक्टर कसे आले

हॉकोन व्युम ली यांनी सर्न या संशोधन संस्थेत असताना १० ऑक्टोबर १९९४ रोजी सीएसएसची कल्पना मांडली. पहिली आवृत्ती डिसेंबर १९९६ मध्ये शिफारस म्हणून प्रसिद्ध झाली. तिच्यात दुव्यांच्या अवस्था ओळखण्याची सोय होती, पण फोकस ओळखता येत नव्हता. ‘फोकस’ हा सिलेक्टर मे १९९८ मध्ये दुसऱ्या आवृत्तीत आला. घटकाच्या तात्पुरत्या अवस्थेवरून निवड करणाऱ्या अशा सिलेक्टरांना स्यूडो-क्लास म्हणतात. प्रत्यक्ष फाइलमध्ये ते रोमन लिपीत आणि नावापूर्वी कोलन देऊन लिहिले जातात.

‘फोकस’ हा सिलेक्टर कारण विचारत नाही. टॅबने, माउसने, बोटाच्या स्पर्शाने किंवा जावास्क्रिप्टने, कसाही फोकस आला तरी तो लागू होतो. मजकुराच्या रकान्यांना हे सोयीचे आहे. बटणांच्या बाबतीत मात्र तक्रार निघाली. माउसने बटण दाबल्यावरही त्याभोवती रेघ उरायची आणि ती अनेक डिझाइनरांच्या डोळ्यांत खुपायची. त्यावर सोपा पण घातक उपाय निघाला, तो म्हणजे रेघच काढून टाकण्याचा. सीएसएसचे जाणकार एरिक मेयर यांच्या २००७ च्या सुप्रसिद्ध ‘रिसेट’ शैलीपत्रकात फोकसची आउटलाइन, म्हणजे घटकाभोवतीची ही रेघ, शून्य केलेली होती. फोकसची शैली स्वतः ठरवण्याची आठवणही तिथेच टीप म्हणून दिली होती. नियमाची नक्कल सर्रास झाली, टीप मागे पडली. मेयर यांनी २०११ च्या आवृत्तीतून तो नियम वगळला, पण आउटलाइन काढून टाकणारी ओळ आजही असंख्य शैलीपत्रकांत सापडते.

या पेचातून ‘फोकस-व्हिजिबल’ हा दुसरा सिलेक्टर वाट काढतो. खूण दाखवण्याची गरज आहे की नाही, हे इथे ब्राउझर ठरवतो. टॅबने बटणावर आल्यास हा सिलेक्टर लागू होतो, माउसने बटण दाबल्यास बहुधा होत नाही. मजकुराच्या रकान्यात मात्र माउसने गेले तरी तो लागू होतो, कारण पुढचे काम की-बोर्डनेच व्हायचे असते. क्रोममध्ये तो ऑक्टोबर २०२० मध्ये, फायरफॉक्समध्ये जानेवारी २०२१ मध्ये आणि सफारीमध्ये मार्च २०२२ मध्ये आला. तेव्हापासून ‘रेघ वाईट दिसते’ ही आउटलाइन काढण्याची सबब उरलेली नाही.

तिसरा सिलेक्टर ‘फोकस-विदिन’. फोकस एखाद्या घटकाच्या आतल्या कोणत्याही घटकावर असला की हा त्या बाहेरच्या घटकाला लागू होतो. क्रोम, फायरफॉक्स आणि सफारी या तिन्हींत तो २०१७ मध्ये आला. मोठ्या अर्जात त्याचा उपयोग विशेष आहे. वैयक्तिक माहिती, पत्ता, जमिनीचा तपशील, बँक खाते असे अर्जाचे गट असतील, तर पत्त्याच्या कोणत्याही रकान्यात शिरताच पत्त्याच्या सबंध गटाची पार्श्वभूमी किंचित बदलता येते. एका ओळीत रकान्याचे नाव, रकाना आणि सूचना असेल तर ती पूर्ण ओळही उठून दिसू शकते. यासाठी जावास्क्रिप्टची एकही ओळ लागत नाही. मात्र गटाची पार्श्वभूमी हा केवळ पूरक संकेत आहे. नेमका रकाना दाखवणारी रेघ तिच्यासोबत हवीच.

याच कामाला आता ‘हॅज’ हा सिलेक्टरही येतो. सीएसएसमध्ये पूर्वी एखाद्या घटकाकडे पाहून त्याच्या आधी आलेल्या घटकाची शैली बदलता येत नव्हती. रकान्याचे नाव बहुधा रकान्याच्या आधी येते, त्यामुळे फोकस आल्यावर नावाचा रंग बदलणे अवघड होते. ‘ज्याच्या लगेच पुढच्या रकान्यावर फोकस आहे असे नाव’ अशी निवड ‘हॅज’मुळे करता येते. डिसेंबर २०२३ मध्ये फायरफॉक्समध्ये आल्यानंतर तो सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये उपलब्ध झाला.

रेघ कशी असावी

खूण काढण्याचे सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे आउटलाइन. ती रकान्याच्या बाहेर काढली जाते आणि मांडणीत जागा घेत नाही. त्याऐवजी बॉर्डर १ पिक्सेलवरून ३ पिक्सेल केली तर एरवीच्या मांडणीत रकाना रुंदीला व उंचीला ४ पिक्सेलने वाढतो आणि टॅब दाबेल तसा खालचा अर्ज हलत राहतो. कागदावरून पडद्याकडे येणाऱ्या नजरेला हे हलणे त्रासदायक ठरते. रकाना आणि रेघ यांच्यात थोडे अंतर ठेवण्यासाठी ‘आउटलाइन-ऑफसेट’ हा गुणधर्म आहे. दोन पिक्सेलचे अंतर सोडले की रेघ रकान्याच्या कडेत मिसळत नाही.

रंगाची निवड डोळ्यांच्या अंदाजावर सोडू नये, कारण तिचे गणित उपलब्ध आहे. वेब सुलभतेच्या डब्ल्यूसीएजी या आंतरराष्ट्रीय निकषांत दोन रंगांमधील फरक १ ते २१ या गुणोत्तरांत मोजतात. पांढऱ्यावर पांढरा म्हणजे १, पांढऱ्यावर काळा म्हणजे २१. फोकसच्या खुणेचा शेजारच्या रंगाशी किमान ३ इतका फरक हवा. आता वेबवर केशरी म्हणून सर्रास वापरली जाणारी छटा घेऊ : लाल २५५, हिरवा १५३, निळा ५१. पांढऱ्या पार्श्वभूमीवर तिचे गुणोत्तर सुमारे २.१ भरते, म्हणजे पांढऱ्या अर्जावर केशरी रेघ निकषाला उतरत नाही. तीच रेघ गडद निळी केली, म्हणजे लाल ०, हिरवा ०, निळा १२८, तर पांढऱ्यावर गुणोत्तर १६ येते आणि त्या केशरी छटेवरही सुमारे ७.५ येते. पांढरा अर्ज आणि वर केशरी पट्टी असलेल्या पानाला ३ पिक्सेल जाडीची गडद निळी आउटलाइन दोन्ही जागी पुरते. पानाचा काही भाग स्वतःच गडद निळा असेल तर तिथे आउटलाइनच्या लगत बॉक्स-शॅडो या छाया काढणाऱ्या गुणधर्माने पांढरे वलय जोडावे. एक गडद आणि एक फिकट अशा दुहेरी खुणेतला एक तरी रंग कोणत्याही पार्श्वभूमीवर दिसतो.

केवळ बॉक्स-शॅडोवर अवलंबून राहू नये. विंडोजमध्ये दृष्टी अधू असलेल्यांसाठी ठळक रंगांची व्यवस्था असते. ती सुरू केली की ब्राउझर बॉक्स-शॅडो काढून टाकतो आणि खूण नाहीशी होते. अशा वेळी आउटलाइन काढून न टाकता तिला पारदर्शक रंग द्यावा. नेहमीच्या स्थितीत ती दिसत नाही, पण ठळक रंगांच्या व्यवस्थेत ती आपोआप रंग घेते. केवळ पार्श्वभूमीची छटा बदलून फोकस दाखवणेही अपुरे आहे. पांढऱ्यावरून फिकट पिवळ्यावर झालेला बदल उन्हात ठेवलेल्या किंवा जुन्या पडद्यावर दिसत नाही.

मराठी रकान्यांच्या गरजा

देवनागरी अक्षर ओळीच्या वर आणि खाली रोमन अक्षरापेक्षा अधिक पसरते. ‘कर्जत’मधला रफार, ‘श्रीगोंदा’मधला अनुस्वार, ‘राहुरी’मधला उकार यांना जागा लागते. रकान्याची उंची इंग्रजी मजकुरावर बेतलेली असेल आणि रेघ रकान्याच्या आत काढली असेल तर ती मात्रांना चिकटते. ओळीची उंची अक्षराच्या दीडपट किंवा अधिक ठेवावी आणि रेघ बाहेर काढावी. फोकस आल्यावर अक्षरे ठळक करणेही टाळावे, कारण ठळक अक्षरांची रुंदी बदलते आणि मजकूर जागेवर हलतो.

अनेक अर्जांत नाव इंग्रजीत आणि मराठीत असे दोनदा भरावे लागते. चालकाचा की-बोर्ड इंग्रजीवर असतो आणि मराठी रकान्यात रोमन अक्षरे उमटतात. मग खोडणे, भाषा बदलणे आणि पुन्हा लिहिणे आले. इथे ‘लँग’ हा सिलेक्टर उपयोगी पडतो. तोही १९९८ च्याच आवृत्तीतला आहे आणि घटकाची भाषा कोणती नोंदवली आहे हे ओळखतो. ‘मराठी भाषेचा रकाना आणि त्यावर फोकस’ अशी जोड निवड केली की फक्त त्या वेळी रकान्याखाली ‘मराठीत लिहा’ ही सूचना दाखवता येते. हीच सूचना पानाची रचना लिहिण्याच्या एचटीएमएल या भाषेत रकान्याशी जोडून ठेवली तर पडदा वाचून दाखवणारा स्क्रीन रीडर वापरणाऱ्यालाही ती ऐकू येते. ड्रॉपडाउन याद्यांनाही भाषेची अडचण लागू आहे. जिल्ह्यांच्या मराठी यादीवर फोकस असताना ‘अ’ टंकला की अकोला, अमरावती, अहिल्यानगर या गटाकडे उडी घेता येते, पण की-बोर्ड इंग्रजीवर असेल तर ही उडी लागत नाही.

काही रकाने आधीच भरून येतात आणि बदलता येत नाहीत. ते केवळ वाचनासाठी ठेवले असतील तर त्यांवर फोकस येतो, पण अक्षर उमटत नाही. अर्ज भरणाऱ्याला वाटते की संगणक अडकला. अशा रकान्यांना ‘रीड-ओन्ली’ आणि ‘फोकस’ एकत्र लावून तुटक रेघ द्यावी, म्हणजे रकाना सापडतो आणि तो बदलता येणार नाही हेही समजते.

चूक केव्हा दाखवावी

रकान्यातील मजकूर नियमात बसत नसेल तर तो ‘इनव्हॅलिड’ या सिलेक्टरने ओळखून लाल रंगात दाखवता येतो. त्याची अडचण अशी की तो फार घाई करतो. पिन कोडसाठी सहा अंकांचा नियम लावला आणि कोणी ४१४००१ लिहायला घेतले, तर पहिला ४ उमटताच रकाना लाल होतो. आवश्यक पण रिकामे रकाने तर पान उघडताक्षणीच लाल दिसतात. अर्ज भरणाऱ्याने अजून काही केलेच नसताना त्याला चूक दाखवली जाते. ‘यूजर-इनव्हॅलिड’ हा नवा सिलेक्टर एरवी माणूस रकान्यात काही बदल करून बाहेर पडेपर्यंत थांबतो. २०२३ च्या अखेरीस तो सर्व प्रमुख ब्राउझरमध्ये पोहोचला. आयएफएससी संकेतांक ११ अक्षरांचा असतो आणि त्याचे पाचवे अक्षर शून्य असते. तो पासबुकावर पाहून लिहिताना मध्येच लाल रंग दिसण्यापेक्षा लिहून झाल्यावर निकाल मिळणे बरे.

चुकीच्या रकान्यावर परत आल्यावर चुकीची खूण आणि फोकसची खूण या दोन्ही दिसल्या पाहिजेत. म्हणून चुकीसाठी बॉर्डर व शब्दांतला संदेश, आणि फोकससाठी आउटलाइन, अशी वाटणी सोयीची ठरते. दोन्ही गोष्टी रंगाच्या एकाच फरकावर सोपवल्या तर लाल-हिरव्यातला भेद न कळणाऱ्यांची पंचाईत होते.

लांब अर्ज आणि लहान पडदा

खूण उत्तम काढली तरी ती झाकली गेली तर उपयोग नाही. अनेक पानांवर वरची पट्टी पान सरकवले तरी जागची हलत नाही. शिफ्ट-टॅबने मागे जाताना फोकस असलेला रकाना तिच्याखाली लपतो. ‘स्क्रोल-पॅडिंग’ या गुणधर्माने पट्टीच्या उंचीएवढी जागा राखून ठेवली की रकाना पट्टीआड न जाता तिच्या खालच्या कडेपाशी थांबतो आणि पूर्ण दिसतो. ऑक्टोबर २०२३ मध्ये आलेल्या डब्ल्यूसीएजी २.२ मध्ये फोकस असलेला घटक पूर्णपणे झाकला जाऊ नये, असा स्वतंत्र निकष घालण्यात आला. मोबाइलवर पडद्यावरचा की-बोर्ड बरीच जागा व्यापतो, त्यामुळे हा प्रश्न तिथे अधिक जाणवतो. आयफोनच्या सफारीमध्ये आणखी एक गोष्ट घडते : रकान्यातील अक्षरे १६ पिक्सेलपेक्षा लहान असतील तर फोकस येताच पान मोठे होते आणि शेजारचा भाग पडद्याबाहेर जातो. अक्षरांचा आकार १६ पिक्सेल ठेवला की हा त्रास होत नाही.

फोकसचा क्रम मात्र सीएसएसच्या हाती देऊ नये. फ्लेक्सबॉक्स किंवा ग्रिड या मांडणीच्या पद्धती वापरून रकाने दिसायला पुढेमागे केले तरी टॅब बहुधा एचटीएमएलमधल्या मूळ क्रमानेच चालते. मग डोळ्यांना तालुक्यानंतर गाव दिसते आणि फोकस मोबाइल क्रमांकावर उडी घेतो. ज्या क्रमाने अर्ज भरायचा, त्याच क्रमाने तो एचटीएमएलमध्ये लिहावा.

नियम आणि कसोटी

फोकस दिसला पाहिजे हा निकष २००८ च्या डब्ल्यूसीएजी २.० पासून ‘एए’ या पातळीवर आहे. भारत सरकारच्या संकेतस्थळांसाठीच्या मार्गदर्शक तत्त्वांची तिसरी आवृत्ती २०२३ मध्ये आली आणि तीही याच पातळीची अपेक्षा ठेवते. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ हा एप्रिल २०१७ पासून अमलात आहे आणि माहिती-तंत्रज्ञानाच्या सुलभतेची जबाबदारी त्यात स्पष्ट आहे. ३० एप्रिल २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने डिजिटल सेवांपर्यंत पोहोचण्याचा हक्क संविधानाच्या २१ व्या अनुच्छेदातील जीविताच्या हक्काचा भाग असल्याचे सांगितले. शैलीपत्रकातून आउटलाइन पुसणारी एक ओळ या साऱ्याच्या विरोधात जाते.

अर्ज तपासण्याची पद्धत साधी आहे आणि तिला खर्च नाही. पानाचा पत्ता टाकून झाल्यावर माउस बाजूला ठेवावा. पहिल्या रकान्यापासून ‘सादर करा’ बटणापर्यंत फक्त टॅब, शिफ्ट-टॅब, बाणाच्या कळा, स्पेसबार आणि एंटर वापरून अर्ज पूर्ण भरावा. दर थांब्यावर तीन गोष्टी पाहाव्यात : रेघ दिसते का, ती अपेक्षित रकान्यावर आहे का आणि तो रकाना कशाखाली झाकला तर गेला नाही ना. एकाही ठिकाणी फोकस शोधावा लागला तर अर्ज लोकांसमोर ठेवू नये. अर्ज तयार करणाऱ्या प्रत्येकाने, मग तो पतसंस्थेचा असो, महाविद्यालयाचा असो की शासनाचा, हे स्वतः एकदा करून पाहावे आणि मगच तो सुरू करावा.